टाळीच्या आधीचा आवाज

सुरुवातीलाच सांगते, गूढ अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांपैकी मी नाही, वाचून हसणाऱ्यांपैकी आहे. भूत, करणी, अंगात येणं या गोष्टी आमच्या वडिलांनी उंबरठ्याच्या बाहेरच ठेवल्या होत्या. धम्म घेतलेलं घर. माणूस गेला की गेला, मागे राहतं ते त्याचं काम — असं ते म्हणायचे, आणि ते गेले तेव्हा आम्हीही तसंच वागलो. शिवाय माझी नोकरी स्टोअर्सची. चाकणला गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत मी स्टोअर्स सांभाळते. आमच्याकडे वस्तू आहे म्हणजे तिला रॅक आहे, नंबर आहे, ती कुणी आणली आणि कुणी नेली याची नोंद आहे. ‘मॅडम, सापडत नाही’ हे वाक्य मी ऐकूनच घेत नाही. आता जे लिहिते आहे त्याला मात्र माझ्याकडे रॅक नाही. एवढं समजून वाचा.

माझा धाकटा भाऊ मिलिंद. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग आणि एडिटिंग हा त्याचा धंदा. चिखलीत दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसऱ्या मजल्यावर. त्यातली आतली खोली म्हणजेच त्याचा स्टुडिओ. मूलबाळ नाही. बायको रोहिणी — तिचं माप काढून ब्लाऊज शिवायचं काम बाहेरच्या खोलीत, याचं लग्नं कापायचं काम आतल्या खोलीत. “दोघंही कातरीवर जगतो आम्ही, आक्का,” असं तो म्हणायचा.

काही वर्षांपूर्वी त्याला घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन करून स्वरयंत्र पूर्ण काढलं. मानेला पुढून एक छिद्र, श्वास तिथूनच आत, तिथूनच बाहेर. अशा माणसाला बोलता तर येत नाहीच, कुजबुजतासुद्धा येत नाही, कारण तोंडापर्यंत हवाच पोचत नाही. हे मुद्दाम सविस्तर लिहिते, पुढे लागणार आहे. गळ्याला टेकवून बोलायचं एक मशीन त्याला मिळालं होतं. सगळे शब्द एकाच सुरात… टेबलावर ठेवलेला फोन व्हायब्रेट व्हावा तसे. त्याला ते आवडायचं नाही. अगदी नाइलाज झाला तरच वापरायचा, एरवी ते ड्रॉवरमध्ये.

घरात त्याने टाळी सुरू केली. एक टाळी म्हणजे चहा. दोन म्हणजे इकडे ये. “तीन वाजल्या की समजायचं, साहेब चिडलेत,” रोहिणी सांगायची.

काम मात्र त्याने सोडलं नाही. मी एकदा म्हटलं, अरे, आता लग्नाच्या गर्दीत कसं निभावणार? त्याने फोनवर टाइप करून माझ्यासमोर धरलं — ‘आता मी एक नंबर कॅमेरामन. डोळे उघडे, तोंड बंद.’ आणि हसला. आवाज नसलेलं हसणं तुम्ही पाहिलंय का? खांदे हलतात फक्त.

गेल्या थंडीत तो गेला. आजार परत आला होता, या वेळी थांबला नाही.

जलदान विधी झाला, पाहुणे गेले, आणि रोहिणीकडे फोन यायला लागले. लोक वाईट नव्हते. आधी दुःख व्यक्त करायचे, मग थोडं थांबून, अडखळत म्हणायचे, “वहिनी, आमच्या लग्नाची फिल्म तेवढी…” बरोबरच होतं त्यांचं. लग्न काही परत लावता येत नाही. मी रोहिणीला म्हटलं, हे माझ्यावर सोड. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. म्हणून दर गुरुवारी सकाळी आवरून मी चिखलीला जायला लागले.

एडिटिंगसाठी महेश तयार झाला. मिलिंदचा धंद्यातला जुना दोस्त, वाकडला राहतो, आयटी कंपन्यांचे व्हिडिओ करतो. फोनवर म्हणाला, “ताई, एडिट मी करून देतो, एक रुपया नको. पण माल तुम्ही शोधून द्या. त्याच्या त्या कपाटात हात घालायची माझी हिंमत नाही राव.”

कपाट उघडलं आणि मला त्याचं म्हणणं पटलं. कपडे ठेवायचं गोदरेज कपाट, त्यात कपड्यांऐवजी हार्ड डिस्का. मोठ्या, छोट्या, काही नुसत्या, वरच्या डबीशिवाय, धूळ लागू नये म्हणून पायमोज्यात घातलेल्या. वायरींचा गुंता वेगळा. आणि प्रत्येक डिस्कवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने नाव. नंबर नाही. नाव. शेवंताबाई. गायकवाड मास्तर. बबनमामा. लंगडा इस्माईल. कमल गिरणीवाली.

ही सगळी आमच्या पिंपरीच्या चाळीतली माणसं. आम्ही लहानाचे मोठे झालो तिथली. मी त्याला कितीदा सांगितलं होतं, मिलिंद, मालाला नंबर द्यावा, नाव देऊ नये. तेव्हा आवाज होता त्याला. म्हणायचा, “नंबर विसरतो गं मी. माणसं नाही विसरत.” आणि नावं उगीच दिलेली नव्हती. शेवंताबाई नावाची डिस्क चालू केली की कुरकुर करत, धापा टाकत उठायची. गायकवाड मास्तर कधी बंद पडले नाहीत. लंगड्या इस्माईलची वायर वाकडी करून धरावी लागायची.

पहिल्या गुरुवारी महेशने एक प्रोजेक्ट उघडला आणि स्क्रीन लाल झाली. डिस्क जोडलेली नसली की असं होतं म्हणे, चित्रं कुठे ठेवली आहेत ते कॉम्प्युटरला कळत नाही.

“ताई, शेवंताबाई सापडत नाहीत म्हणतोय.”

“पलंगाखाली बघ. चॉकलेटी मोज्यात.”

“आणि कमल गिरणीवाली?”

“तिला मी आत्ताच पुसून ठेवलीय. फडक्याने रे, बाबा! घाबरू नकोस.”

रोहिणी बाहेर मशीनवर बसली होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसल्याचं मी ऐकलं.

एका डिस्कवर नाव होतं — आक्का. ती जोडली तर तिच्यात बाकी सगळ्यांची दुसरी प्रत होती. लग्न झालं की त्याच संध्याकाळी एक प्रत कामाच्या डिस्कवर, एक प्रत ‘आक्का’त. महेश म्हणाला, “बॅकअप आहे ताई. काही गेलं तर हिच्यात मिळणार.” मी वायरींचा गुंता सोडवत बसले.

माझी पद्धत सरळ होती. आमच्या कंपनीत ज्या वस्तूचं आता काय करायचं ते कुणाला ठाऊक नसतं, तिला लाल टॅग लावतात आणि एका कोपऱ्यात ठेवतात. कुणी मालक पुढे आला तर ती परत जाते. नाही आला तर भंगारात. तेच इथे. स्टेशनरीवाल्याकडून लाल टॅग आणले. डिस्क जोडायची, आत काय आहे बघायचं, फिल्म दिली आहे की राहिली आहे ते लिहायचं. फिल्म दिली असेल तर लाल टॅग. मूळ शूटिंग पुसून डिस्क मोकळी करायची. मिलिंदचाही हाच नियम होता. फिल्म दिली, लोकांनी पाहिली, तक्रार नाही — मूळ पुसायचं, त्याच डिस्कवर पुढचं लग्न.

काम छान चाललं होतं. मग एका गुरुवारी रोहिणी मटार सोलत माझ्याजवळ येऊन बसली.

“आक्का, एक सांगू?”

“सांग की.”

“त्यात कुठे यांचा आवाज सापडला… तर बाजूला ठेवाल?”

मी म्हटलं, “ठेवीन. पण तुझ्या फोनमध्ये असेल की काहीतरी.”

“जुना फोन एक्सचेंजमध्ये दिला ना. तेव्हा कुठं माहीत होतं.” शेंग तिच्या हातात तशीच राहिली. “मला आठवतच नाही हो त्यांचा आवाज. चेहरा आठवतो, हात आठवतात. आवाज आठवायला गेलं की ते मशीनच वाजतं कानात. बायको असून…”

पुढे तिने मटारच सोलले.

तेव्हापासून माझ्या कामाला दुसरं कलम जोडलं गेलं. प्रत्येक डिस्कमध्ये मी मिलिंदचा आवाज शोधायला लागले. आणि तो कुठेही नव्हता. इतक्या लग्नांत हा माणूस दिवसदिवस हजर होता, आणि एकाही फिल्ममध्ये त्याचा एक शब्द नाही! मी महेशला विचारलं.

“कसा असेल ताई?” तो म्हणाला. “कॅमेऱ्यामागून कुणी बोललं की एडिटर पहिलं ते कापतो. वर गाणं टाकतो. इथे एडिटर तोच. स्वतःला स्वतःच कापत आला तो.”

“आणि मूळ शूटिंग? ऑपरेशनच्या आधीचं?”

“ते पुसलं, ‘आक्का’तली प्रतसुद्धा. त्यावर नवीन, त्यावर आणखी नवीन. आता नाही मिळायचं.”

घरचे व्हिडिओ म्हणाल तर सगळे त्यानेच काढलेले, आणि काढताना तोंड उघडायचं नाही ही त्याची धंद्याची सवय. आमच्या वाढदिवसांत, बारशांत सगळे बोलतात. तो बोट हलवून आम्हाला इकडे-तिकडे करतो, तेही दिसत नाही. फक्त आम्ही सरकताना दिसतो.

रोहिणीने मग एक आठवण सांगितली. नवीन वायरलेस माइक आणला की मिलिंद तो घेऊन खाली बिल्डिंगच्या गेटपर्यंत जायचा, लांबून आवाज पकडतो का ते बघायला. ही वर गॅलरीत हेडफोन लावून उभी. तो खालून माइकमध्ये विचारायचा, “ऐकू येतंय का?” ही म्हणायची, “येतंय,” आणि हात वर करायची. हिचा आवाज त्याला खाली ऐकू जाणार नव्हता, हात दिसला की पुरे. पण ही म्हणायचीच. हात दिसला की तो म्हणायचा, “बरं.” मग वर यायचा.

“खालचे देशमुखकाका म्हणायचे, अहो, फोन करा की सरळ! लग्न होऊन इतकी वर्षं झाली, अजून काय गॅलरीतून?” ती हसली, आणि उठून आत गेली.

ऑपरेशननंतरच्या लग्नांत मिलिंद निदान दिसायचा. तेही दोन क्षण. मोठ्या लग्नात तो आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर लावायचा. दोन्ही सुरू करून कॅमेऱ्यासमोर येऊन एक टाळी वाजवायची. नंतर कॉम्प्युटरवर टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज एकमेकांवर बसवले की सगळं जुळतं. सगळेच करतात म्हणे. जुळलं की ती टाळी कापून टाकायची. पण राहिलेल्या लग्नांची टाळी अजून कापायची होती. रोहिणी शिवण सोडून ती बघायला यायची. उन्हाळ्यातही गळ्याला मफलर, डाव्या बाजूने तो चौकटीत यायचा, टाळी वाजवायचा, निघून जायचा. प्रत्येक लग्नात एवढाच.

शेवटी निघोजेचं लग्न राहिलं. मुलीचे वडील बाळूकाका माझ्याच कंपनीच्या रस्त्यावरचे. मला वाटेत गाठून विचारायचे, “ताई, पोरीच्या सासरचं लोक इचारत्यात. आमी काय सांगायचं?” हे लग्न मिलिंदने जाण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात घेतलं होतं. म्हणजे आवाज जाऊन बराच काळ लोटला होता.

त्या गुरुवारी रोहिणी ब्लाऊज द्यायला बाहेर गेली होती, दुपारपर्यंत येणार नव्हती. सकाळची वेळ, खिडकीत ऊन. मी डिस्कांवर चिकटपट्ट्या लावत होते. महेश टाळी जुळवत होता. त्याचा माउस थांबला.

“ताई, जरा इकडे या.”

“काय, इस्माईल बंद पडला?”

“या तुम्ही.”

त्याने हेडफोन काढून आवाज स्पीकरवर टाकला. जनरेटरची घरघर. भांड्यांचा आवाज. मग अगदी जवळून —

“चेक… चेक… ऐकू येतंय का?”

थोडी शांतता.

“बरं.”

आणि टाळी.

आमच्या आईचं माहेर सोलापूरकडचं. ‘का’ ती शेवटी जरा ओढायची. आम्हा दोघांत तो ओढलेला ‘का’ फक्त मिलिंदने उचलला होता, शाळेत पोरं त्याला त्यावरून चिडवायची. दुसऱ्या कुणाचा आवाज असेल अशी शंका घ्यायला जागाच नव्हती.

पहिल्यांदा काय विचारलं असेल मी? “तारीख बघ.”

तारीख लग्नाचीच. मग मी आणि महेशने एक-एक शक्यता घेतली, स्टोअर्समध्ये तफावत आली की घेतो तशी. जुनी फाइल मिसळली असेल? नाही, फाइल एकच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, पुढे त्याच लग्नाच्या मंगलाष्टका. कुणी नंतर जोडलं असेल? महेशने आवाजाची रेघ मोठी करून करून पाहिली. “हेच करत आलोय ताई मी आयुष्यभर. जोड असती तर मला दिसली असती.” शिवाय मांडवाबाहेरून कुणीतरी ओरडतंय, “फुलवाला आला का रे?” — ते ओरडणं मिलिंदच्या ‘ऐकू’च्या आधी सुरू होतं आणि ‘का’च्या नंतर संपतं. दोन्ही एकाच हवेतले आवाज. ‘आक्का’ डिस्क जोडली. दुसऱ्या प्रतीतही तेच.

मग चित्र लावलं. डावीकडून मिलिंद येतो. हातात रेकॉर्डर नाही, तो टेबलावर ठेवलेला दिसतो. मफलर गळ्याशी. तो कॅमेऱ्याकडे बघत उभा राहतो. आवाज त्याच वेळी येतो, “ऐकू येतंय का?” आणि त्याचं तोंड बंद आहे. ओठसुद्धा हलत नाहीत. एरवी तो यायचा तशी टाळी वाजवायचा. या वेळी थांबला आहे. कशाची तरी वाट बघितल्यासारखा. मग टाळी.

महेशने आणखी एक गोष्ट केली. कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज वेगळा असतो, कच्चा. तो लावला. जनरेटर आहे. फुलवाल्याची हाक आहे. टाळी आहे. मिलिंदचा आवाज नाही.

“हाकेच्या अंतरावर नाही, चार पावलांवर कॅमेरा आहे राव,” महेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “याला ऐकू गेलं, त्याला नाही… असं होत नाही ताई.”

चित्रात मागे एक माणूस खुर्च्या सरळ करताना दिसत होता. ते बाळूकाकाच. मी त्यांना फोन करून बोलावून घेतलं, फिल्म बघायला या म्हणून. ते मोटारसायकलवर आले, कोथिंबिरीची जुडी घेऊन. त्यांना तेवढाच तुकडा दाखवला, आवाज बंद ठेवून.

“काका, या वेळी कुणी माइकमध्ये काही बोललं होतं?”

“न्हाई बा. मांडवात मी नि भाऊच व्हतो. त्यांनी टाळी वाजवली, माझ्याकडं बघून हसले नि गेले.”

“आवाज काहीच नाही ऐकला?”

“आता भाऊच मुके, बोलणार कोन?” मग ते जरा ओशाळले. “तसं न्हाई म्हनायचं मला. लई गुनाचा मानूस. आमच्या म्हातारीला हात धरून खुर्चीत बसवलं व्हतं त्यांनी.”

आवाज लावला. त्यांनी मान कलती करून ऐकलं. “ह्यो कोन?”

त्यांनी मिलिंदचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. मी म्हटलं, कुणी नाही काका, चाचणीचा आहे.

ते गेल्यावर महेशने दबक्या आवाजात विचारलं, “वहिनींना सांगायचं?”

मी चिकटपट्टीचा रोल कपाटात ठेवायला उठले.

“तुम्ही ठरवा. मी असतो तर नसतं सांगितलं. माणूस आत्ता कुठं सावरतोय. ‘कसं काय’ असं त्यांनी विचारलं तर काय सांगणार आपण?”

पुढचा आठवडा मी कामावर कुणाशी धड बोलले नाही. कागदाशिवाय मी एक नटसुद्धा बाहेर देत नाही. आणि ही वस्तू — कुठून आली माहीत नाही, कशी आली माहीत नाही, असायला नको होती आणि आहे — ही मी त्या बाईच्या हातात कशी द्यायची? तिच्या मनात काही भलतं भरलं तर? उद्या ती रोज त्या खोलीत बसून राहिली तर? बसमध्ये खिडकीशी बसून मी हाच विचार करायचे. मग मोशीच्या सिग्नलला एकदा लक्षात आलं. रोहिणीने माझ्याकडे काय मागितलं होतं? आवाज सापडला तर बाजूला ठेवा, एवढंच. तो सापडला होता. कसा आला, हे तिने विचारलंच नव्हतं. ते मी विचारत होते.

गुरुवारी गेले तर लाइट नव्हती, लाइनचं काम. आम्ही दोघी जेवलो. दुपारी पंखा फिरायला लागला. महेशला मी येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

“रोहिणी, इकडे बस.”

“कुठली टाळी आहे? निघोजेची?”

“हो. पण आज हेडफोन लावून ऐक.”

तिने माझ्याकडे पाहिलं. पदराला हात पुसले, खुर्चीत बसली, हेडफोन लावले. मिलिंदचेच, कानाशी झिजलेले. मी चित्र लावलं नाही. फक्त आवाजाची हिरवी रेघ होती स्क्रीनवर, आणि तिच्यावरून सरकणारी उभी काडी. खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता. तिला काय ऐकू येतंय ते मला त्या रेघेवरूनच कळत होतं.

जनरेटरची बारीक थरथर. मग दोन लहान उंचवटे — चेक, चेक. रोहिणीची पाठ ताठ झाली. मग तो लांब उंचवटा, शेवटी ओढलेला. ऐकू येतंय का.

काडी सपाट भागावर आली. तो शांततेचा तुकडा.

रोहिणीचा हात वर गेला. गॅलरीतून खाली दाखवतात तसा, डोक्याच्या वर, पंजा उघडा.

“येतंय,” ती म्हणाली.

हेडफोन लावलेली माणसं मोठ्याने बोलतात. ती हळूच बोलली होती, जवळच्या माणसाशी बोलावं तशी. आणि काडी त्या सपाट भागातून पुढे सरकली, छोट्या उंचवट्यावर आली. बरं.

मी तो तुकडा महेशबरोबर कितीदा ऐकला होता. ती शांतता एवढी लांब का, हे आम्हा दोघांना कळलं नव्हतं. ती ‘येतंय’ एवढी होती. आणि हात वर जायला लागतो तेवढी.

मग टाळीचा उंच सरळ कोंब. तिने हेडफोन काढले, नीट गुंडाळून हुकला लावले, आणि उठून खोलीबाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली. मी मागोमाग गेले तर तिने गॅस पेटवून चहाचं आधण ठेवलं होतं. एक टाळी म्हणजे चहा. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात साखर मोजत होते.

“पुन्हा लावू का?” मी विचारलं.

“नको आक्का. आलं ऐकू.”

तिने मला काहीही विचारलं नाही. ना तेव्हा, ना नंतर. एवढंच म्हणाली, की आता आठवायला गेलं तर मशीन वाजत नाही.

निघोजेची फिल्म आम्ही दिली. टाळी आणि टाळीच्या आधीचं सगळं कापून, नियमाप्रमाणे. बाळूकाकांकडे ती सगळ्या गल्लीने पाहिली म्हणे. महेशने फोन केला, “ताई, आता मूळ पुसायचं ना? डिस्क मोकळी होईल.” मी म्हटलं, नको. ती डिस्क मोज्यात घालून मी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आहे, आणि दुसरी प्रत ‘आक्का’त आहे. लाल टॅग लावलेला नाही. मालक नसेल तर टॅग लावतात.

वाचकांपैकी कुणी आवाजाच्या धंद्यातलं असेल आणि एका यंत्राला ऐकू गेलेलं शेजारच्या यंत्राला का ऐकू गेलं नाही, हे सांगू शकत असेल तर मी जरूर ऐकून घेईन. मी अजूनही भुतांवर विश्वास ठेवत नाही. वडिलांचं म्हणणं मला आजही पटतं, माणूस जातो आणि मागे त्याचं काम राहतं. फक्त त्या कामात, ते होऊन गेल्यावरही, कुणीतरी उत्तराची वाट बघत थांबलेलं असू शकतं, हे कुठल्या रॅकवर ठेवायचं ते मला कळलेलं नाही.